‘रोजच्या भाकरी’तला ‘रोज’

मराठी ख्रिस्ती घरांत मुलांना जी प्रार्थना सर्वांत आधी पाठ होते, ती ‘प्रभूची प्रार्थना’. येशूने आपल्या शिष्यांना स्वतः शिकवलेली म्हणून तिला हे नाव पडले. तिच्या जवळजवळ मध्यावर एक साधे मागणे येते: ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे.’ वाक्यात सहा शब्द आहेत. त्यांपैकी पाच शब्दांच्या अर्थाबद्दल कोणी भांडत नाही. सहाव्या, म्हणजे ‘रोजची’ या शब्दाबद्दल मात्र अठराशे वर्षे वाद चालू आहे, कारण ज्या ग्रीक शब्दाच्या जागी तो बसवला आहे त्याचा नेमका अर्थ काय, यावर ग्रीक ही ज्यांची मातृभाषा होती त्यांचेही एकमत झाले नव्हते. तो शब्द आहे ‘एपिऊसिओस’.

मूळ ग्रीक ओळ देवनागरीत लिहायची तर ती अशी होईल: ‘तोन आर्तोन हेमोन तोन एपिऊसिओन दोस हेमिन सेमेरोन’. ‘आर्तोन’ म्हणजे भाकर, ‘हेमोन’ म्हणजे आमची, ‘दोस’ म्हणजे दे, ‘हेमिन’ म्हणजे आम्हांला आणि ‘सेमेरोन’ म्हणजे आज. ‘एपिऊसिओन’ हे आपल्या शब्दाचेच कर्माच्या जागी आलेले रूप. संपूर्ण प्रार्थनेत एखाद्या नामाला लावलेले विशेषण हे एवढे एकच आहे. राज्य कसे यावे, पित्याची इच्छा कशी, मोह कसला, यांपैकी कशालाही विशेषण नाही. ते फक्त भाकरीला आहे. म्हणजे ज्याने कोणी ते तिथे ठेवले, त्याने ते सहज ठेवले नसावे.

‘रोजची’ हा अर्थ पटकन का पटत नाही, हे आधी पाहू. पहिली अडचण अशी की ओळीत ‘आज’ हा शब्द आधीच आहे. ‘रोजची भाकर आज दे’ हे आपल्याला सवयीने खटकत नाही, परंतु सहा शब्दांच्या मागण्यात काळाचा उल्लेख दोनदा करण्याचे कारण काय, हा प्रश्न उरतोच. दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. ‘रोजचा’ या अर्थाचे चांगले, चलनातले शब्द ग्रीक भाषेत होते आणि नव्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या ख्रिस्ती भागाच्या, लेखकांना ते माहीतही होते. याकोबाच्या पत्रात (2:15) उघड्या आणि ‘रोजच्या अन्नाला’ मोताद झालेल्या भावाबहिणीचा उल्लेख येतो, तिथे ‘एफेमेरोस’ हा शब्द आहे. प्रेषितांच्या कृत्यांत (6:1) विधवांना होणाऱ्या ‘रोजच्या वाटपा’बद्दल तक्रार येते, तिथे ‘काथेमेरिनोस’ आहे. हे दोन्ही शब्द हाताशी असताना प्रार्थनेत तिसराच, अनोळखी शब्द का यावा?

आणि तो खरोखरच अनोळखी आहे. एपिऊसिओस हा शब्द मत्तयाच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूचे चरित्र सांगणाऱ्या पुस्तकात, एकदा (6:11) आणि लूकच्या शुभवर्तमानात एकदा (11:3) येतो. तिसरे ठिकाण ‘दिदाखे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या छोट्या ग्रंथाचे. ही सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळ्यांची नियमपुस्तिका. तिची 1056 साली नकललेली प्रत 1873 साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये सापडली. तिच्यात हीच प्रार्थना दिली आहे आणि ती दिवसातून तीन वेळा म्हणावी असे सांगितले आहे. म्हणजे तिन्ही ठिकाणे एकाच प्रार्थनेची. होमरपासून पुढे शेकडो वर्षांच्या ग्रीक वाङ्मयात, नाटकांत, इतिहासांत, वैद्यकग्रंथांत या प्रार्थनेपूर्वी हा शब्द कुठेच नाही. नंतर तो ज्यांनी वापरला, त्यांनी याच ओळीचे विवरण करताना वापरला.

ही गोष्ट सर्वांत आधी कोणी नोंदवली असेल तर ती ओरिगेनने. अलेक्झांड्रियात जन्मलेला हा पंडित इ. स. 233–34च्या सुमारास प्रार्थनेवर एक ग्रंथ लिहीत होता. त्यात तो स्पष्टपणे सांगतो की हा शब्द ग्रीक ग्रंथकारांनी वापरलेला नाही, सामान्य लोकांच्या बोलण्यातही तो नाही, आणि शुभवर्तमानकारांनीच तो घडवलेला दिसतो. ओरिगेनचे वाचन अफाट होते आणि तो ग्रीकच बोलत होता. आज अडीचशे किलोमीटरवर बोलल्या जाणाऱ्या बोलीतला एखादा शब्द आपल्या कानावरून गेलेला नसणे शक्य आहे, तसे त्याचेही झाले असेल. पण त्याची साक्ष सहज बाजूला सारता येत नाही.

इथे एक बाजूची गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. येशू अरामी भाषेत बोलत होता. ग्रीक शुभवर्तमाने त्यानंतर काही दशकांनी लिहिली गेली. अरामीतले मागणे दोन माणसांनी वेगवेगळे भाषांतरित केले असते, तर दोघांनाही हाच न ऐकलेला शब्द सुचणे अशक्यच. मत्तय आणि लूक या दोघांतही तो आहे, याचा अर्थ कोणा एकाने तो आधी घडवला होता आणि दोघांपर्यंत प्रार्थनेचे तेच ग्रीक रूप, लिहून किंवा पाठ होऊन, पोहोचले होते. ही दोन शुभवर्तमाने एकमेकांशी कशी जोडलेली आहेत या मोठ्या प्रश्नात हा एवढासा शब्द म्हणूनच वारंवार साक्षीला बोलावला जातो.

असणे की येणे

कोशात अर्थ नसेल, प्रयोग सापडत नसतील, तर शब्द फोडून पाहणे एवढाच मार्ग उरतो. तो धोक्याचा आहे, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. एखाद्या परक्या अभ्यासकाला ‘उपवास’ हा शब्द आयुष्यात एकदाच, एकाच ओळीत भेटला, तर ‘उप’ म्हणजे जवळ आणि ‘वास’ म्हणजे राहणे अशी फोड करून तो ‘शेजार’ असा अर्थ खुशाल लिहून मोकळा होईल. व्युत्पत्ती बरोबर, अर्थ चूक. तरीही दुसरा मार्ग नसल्यामुळे अठराशे वर्षे लोकांनी एपिऊसिओस फोडून पाहिला आहे, आणि त्याची फोड मुख्यतः दोन तऱ्हांनी होते.

सुरुवातीचा ‘एपि’ हा उपसर्ग आहे. वर, पाशी, पुढे, साठी असे त्याचे अनेक अर्थ होतात. त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो उरलेल्या भागात कोणता धातू दडला आहे याचा. एक पक्ष म्हणतो, तो ‘एइनाय’ म्हणजे ‘असणे’. या धातूपासून ‘ऊसिया’ हे नाम होते. त्याचा अर्थ असणेपण, सत्त्व, द्रव्य, तत्त्व. मग आपली भाकर होते ‘अस्तित्वासाठी आवश्यक’ भाकर, किंवा आणखी वर चढायचे तर ‘सत्त्वाची’ भाकर. दुसरा पक्ष म्हणतो, तो धातू ‘इएनाय’ म्हणजे ‘जाणे-येणे’. त्याला ‘एपि’ लागला की ‘पुढे येणे’ असा अर्थ होतो, आणि मग भाकर होते ‘येणाऱ्या दिवसाची’. संस्कृत जाणणाऱ्यांना या दोन्ही धातूंचे चेहरे ओळखीचे वाटतील: पहिला आपल्या ‘अस्’चा भाऊबंद, दुसरा ‘इ’चा, ज्याचे ‘एति’ असे रूप होते. म्हणजे सगळा वाद ‘असणे’ आणि ‘येणे’ यांच्यातला आहे.

ओरिगेन ‘असणे’ या बाजूचा. त्याने दाखला दिला तो जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरातल्या ‘पेरिऊसिओस’ या शब्दाचा, जो इस्राएल लोकांना ‘देवाची खास प्रजा’ म्हणताना येतो. तो शब्द ऊसियापासून, तसाच हाही, असे त्याचे म्हणणे. त्याच्या दृष्टीने ही भाकर पोटाची नव्हे, आत्म्याच्या सत्त्वाशी एकजीव होणारी. ‘येणे’ या धातूवरून कोणी अर्थ लावतात हे त्याला माहीत होते, तरी त्याने पहिलाच अर्थ श्रेष्ठ ठरवला.

या ठिकाणी व्याकरण आडवे येते, आणि ते समजायला आपल्या शाळेतले संधी पुरेसे आहेत. ‘प्रति’ आणि ‘एक’ जवळ आले की ‘प्रतिएक’ असे राहत नाही, ‘प्रत्येक’ होते. दोन स्वर शेजारी आले की भाषा काहीतरी करते. ग्रीक भाषा अशा वेळी उपसर्गाचा शेवटचा स्वर बहुधा गाळून टाकते. ‘एपि’ आणि ‘हेमेरा’ (दिवस) मिळून जो शब्द होतो तो वर आलाच आहे: ‘एफेमेरोस’. त्यात ‘एपि’मधला इकार गेला आणि ‘प’चा ‘फ’ झाला. त्याच नियमाने ‘एपि’ आणि ‘ऊसिया’ मिळून ‘एपूसिओस’ व्हायला हवे होते. पण शब्द आहे एपिऊसिओस. इकार शाबूत आहे. उलट ‘येणे’ या धातूचे स्त्रीलिंगी रूप ‘इऊसा’ असे इकारानेच सुरू होते. ‘रवि’ आणि ‘इंद्र’ यांचे ‘रवींद्र’ होताना जसे दोन इकार एकमेकांत मिसळतात, तसे इथे उपसर्गाचा इकार गळतो, धातूचा राहतो, आणि ‘एपिऊसा’ हे रूप कोणतीही ओढाताण न करता मिळते. नियमाला अपवाद आहेत. ‘एपिओर्कोस’, म्हणजे खोटी शपथ घेणारा, या शब्दात इकार टिकला आहे. म्हणून हा पुरावा निर्णायक म्हणता येत नाही. मात्र ओरिगेनचा पेरिऊसिओसचा दाखला तितका टिकत नाही, कारण ‘पेरि’ हा उपसर्ग आपला इकार सहसा सोडतच नाही. तिथे इकार राहिला म्हणून इथेही राहावा, असे म्हणता येणार नाही.

‘येणे’ या पक्षाकडे आणखी एक भक्कम गोष्ट आहे. एपिऊसिओस दुर्मिळ असला, तरी त्याची जननी ‘एपिऊसा’ मुळीच दुर्मिळ नाही. ‘हे एपिऊसा’, म्हणजे शब्दशः ‘ती येती’, असे म्हटले की ‘दिवस’ हा शब्द न उच्चारताही दुसरा दिवस असा अर्थ होई. (ग्रीकमध्ये दिवस स्त्रीलिंगी आहे.) आपण ‘येत्या सोमवारी’ म्हणतो तसेच हे. धर्मप्रचारक पौल त्रोवस बंदरातून गलबताने निघून समथ्राकेला आणि ‘दुसऱ्या दिवशी’ नियापुलीस येथे पोहोचल्याचे प्रेषितांच्या कृत्यांत (16:11) सांगितले आहे. तिथे हाच प्रयोग आहे. त्या एका पुस्तकात तो पाच वेळा येतो, आणि परंपरेनुसार व बहुतेक अभ्यासकांच्या मते ते पुस्तक ज्याचे, त्याच लूकच्या शुभवर्तमानात एपिऊसिओस आहे. ‘उद्या’वरून ‘उद्याचा’ होतो, तसा ‘एपिऊसा’वरून ‘एपिऊसिओस’ झाला, हे माझ्या मते सर्वांत कमी कसरतीचे स्पष्टीकरण आहे.

एका भाषांतरकाराचे दोन शब्द

प्रार्थना लॅटिनमध्ये गेली तेव्हा सुरुवातीच्या भाषांतरांनी ‘कोतिदिआनुम’, म्हणजे ‘रोजची’, हा सरळ शब्द घेतला आणि लोकांच्या तोंडी तोच बसला. पुढे पोप दमास याच्या सांगण्यावरून जेरोमने लॅटिन शुभवर्तमाने ग्रीक मुळाशी ताडून पाहिली. हे काम इ. स. 384च्या सुमाराचे. लूकमध्ये त्याने ‘कोतिदिआनुम’ तसेच ठेवले. मत्तयात मात्र त्याच ग्रीक शब्दासाठी त्याने ‘सुपरसुब्स्तान्तिआलेम’ असा लांबलचक शब्द लिहिला. ‘एपि’ला ‘सुपर’ आणि ‘ऊसिया’ला ‘सुब्स्तान्तिया’. अवयवाला अवयव जोडून केलेला हा शब्द, मराठीत सांगायचा तर ‘द्रव्यातीत भाकर’. एकच माणूस, एकच ग्रीक शब्द, एकच प्रार्थना, आणि काही पानांच्या अंतराने दोन वेगळी भाषांतरे.

हा निष्काळजीपणा होता असे मला वाटत नाही. काही वर्षांनी, 398 साली, मत्तयावर भाष्य लिहिताना जेरोमने एक महत्त्वाची माहिती नोंदवून ठेवली. ‘इब्री लोकांचे शुभवर्तमान’ नावाचा, आज उपलब्ध नसलेला ग्रंथ त्याने पाहिला होता आणि त्यात या जागी ‘माहार’ हा शब्द होता. माहार म्हणजे उद्या. ‘आमची उद्याची भाकर आज आम्हांला दे’, असा अर्थ तिथे होतो असे तो सांगतो. म्हणजे ‘येणे’ या पक्षाचा सर्वांत मोलाचा साक्षीदार आपल्याला मिळतो तो ज्याने ‘असणे’ या पक्षाचा सर्वांत जड शब्द घडवला त्याच जेरोमकडून.

जेरोमचे मत्तयातले भाषांतर बायबलमध्ये राहिले, पण प्रार्थनेत शिरले नाही. उपासनेत लोक मत्तयाचा मजकूर आणि त्यात लूकचा ‘कोतिदिआनुम’ असे मिश्रण म्हणत राहिले. बाराव्या शतकात फ्रान्समधल्या पाराक्लेत मठात, जिथे एलोईज मठाधिपती होती, जोगिणी प्रार्थनेत ‘सुपरसुब्स्तान्तिआलेम’ म्हणत. हे क्लेर्व्हो मठाचा प्रमुख बर्नार्ड याच्या कानावर पडले आणि त्याला ते आवडले नाही. तेव्हा मठाचा संस्थापक आबेलार याने त्याला पत्र लिहून आपली बाजू मांडली: मत्तय हा प्रेषित, त्याने प्रार्थना येशूच्या तोंडून ऐकली, लूकने ती ऐकीव घेतली, तेव्हा मत्तयाचा शब्द अधिक प्रमाण. युक्तिवाद हुशारीचा आहे, फक्त एक गोष्ट आबेलारच्या लक्षात आली नसावी: ग्रीकमध्ये मत्तय आणि लूक यांचा शब्द एकच आहे. फरक होता तो जेरोमचा.

ग्रीक भाषकांतही सर्वच ओरिगेनच्या मागे गेले नाहीत. चौथ्या शतकातला अंत्युखियाचा प्रवचनकार योहान ख्रिसोस्तोम याने ही भाकर म्हणजे एका दिवसापुरती भाकर, असे सरळ सांगितले. इतर भाषांतली जुनी भाषांतरे पाहिली तर गोंधळाचा पसारा दिसतो. सिरियाक भाषेतल्या पेशित्ता भाषांतरात ‘आमच्या गरजेची भाकर’ आहे, तर त्याहून जुन्या एका सिरियाक पाठात ‘नित्याची’. इजिप्तमधल्या कॉप्टिक भाषेच्या दक्षिणी बोलीत ‘येणारी’ आणि उत्तरी बोलीत ‘उद्याची’. स्लाव्ह भाषांतरकारांनी जेरोमसारखीच शब्दाची हुबेहूब नक्कल करून ‘नासूश्नी’ हे विशेषण घडवले. ते आज रशियन भाषेत ‘निकडीचे, जगण्याला आवश्यक’ या अर्थाने रोजच्या बोलण्यात रुळले आहे आणि ते ग्रीक शब्दाचे सोंग आहे हे बोलणाऱ्याच्या मनातही येत नाही. गोव्यात पोर्तुगीज प्रार्थना आली ती ‘पांव नोसू द कादा दिया’ अशी, म्हणजे ‘दर दिवसाची’. त्यातला ‘पांव’ आपल्या वडापावात आहे.

हवाराची यादी

या गोष्टीतला सर्वांत रंजक भाग शुभवर्तमानात नाही, हिशेबाच्या कागदात आहे. इजिप्तमधल्या फायूम भागात हवारा नावाचे ठिकाण आहे. 1888–89 साली फ्लिंडर्स पेट्री तिथे उत्खनन करीत असताना पपायरसचे अनेक तुकडे निघाले. त्यांपैकी एकावर घरगुती खर्चाची यादी होती: काय आणले आणि किती ओबोल पडले. ओबोल हे लहान नाणे. ए. एच. सेस याने हे तुकडे वाचून 1889 साली मजकूर छापला. त्या यादीत एका ओळीत त्याला ‘एपिऊसि’ अशी अक्षरे दिसली. पुढचा भाग तुटला होता.

छापले तेव्हा ते कोणाच्या विशेष लक्षात आले नाही. 1925 साली आल्बर्ट डेब्रुनर याने तिकडे बोट दाखवले आणि अभ्यासकांत खळबळ उडाली. ओरिगेन चुकला होता तर! हा शब्द कोणा शुभवर्तमानकाराने घडवलेला नव्हता, तो इजिप्तमधल्या स्वयंपाकघरात चलनात होता. आपल्याकडे घरकाम करणाऱ्याला किंवा शिपायाला दिवसाचा शिधा मोजून देत, तशा शिध्याला हा शब्द असावा, असा तर्क पुढे आला आणि ‘आमचा दिवसाचा शिधा आज दे’ हा अर्थ कोशांतही गेला. पुष्कळ जणांना तो आवडला, आणि का आवडू नये? धर्मशास्त्राचे सगळे ओझे उतरवून प्रार्थना एका झटक्यात चुलीपाशी आली होती.

अडचण एकच होती: मूळ तुकडा सापडत नव्हता. ब्रूस मेट्झगर याने 1957 साली या पुराव्याची फेरतपासणी करताना आठवण करून दिली की सेस पंडित मोठा असला तरी त्याचे हस्तलिखित-वाचन फारसे भरवशाचे नव्हते, आणि तुकडा हरवल्यामुळे ते पडताळता येत नाही. चाळीस वर्षे प्रश्न तिथेच अडकला. मग 1998 साली तो तुकडा अमेरिकेत येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात सापडला. नायमन आणि वोर्प या दोन अभ्यासकांनी तो नव्याने वाचून 1999 साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. ज्या ओळीवर सत्तर वर्षे मते मांडली गेली होती, तिथे ‘एपिऊसि’ नव्हतेच. तिथे लिहिले होते ‘एलाइऊ’, म्हणजे तेल.

किराणा यादीतल्या तेलाच्या ओळीने इतकी वर्षे विद्वानांना खेळवले, ही गोष्ट मला फार आवडते. पण तिचा परिणाम गंभीर आहे: शब्द पुन्हा एकटा पडला आणि ओरिगेनचे विधान पुन्हा जागेवर आले.

उद्याची भाकर आज कशाला?

‘येत्या दिवसाची भाकर’ हा अर्थ मान्य केला तर एक आक्षेप लगेच येतो, आणि तो त्याच अध्यायातून येतो. मत्तय 6:34 मध्ये येशू सांगतो की उद्याची चिंता करू नका. तेवीस ओव्यांआधी शिकवलेल्या प्रार्थनेत मग उद्याची भाकर का मागायची? जुन्या करारातल्या मान्न्याची, म्हणजे देवाने अरण्यात पुरवलेल्या अन्नाची, गोष्टही याच आक्षेपाला बळ देते. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात अरण्यात भटकणाऱ्या लोकांनी रोज त्या दिवसापुरताच मान्ना गोळा करायचा होता. ज्यांनी सकाळपर्यंत उरवला त्यांच्या मान्न्यात किडे पडले. मात्र त्याच गोष्टीत सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायला सांगितले आहे, कारण सातवा दिवस विसाव्याचा. तेव्हा उद्याचे अन्न आज मिळणे हेही त्या कथेच्या बाहेरचे नाही.

आक्षेपाचे पहिले उत्तर भाषेतच आहे. ‘एपिऊसा’ म्हणजे पुढचा दिवस. पण पुढचा कोणापासून, हे बोलणारा कधी बोलतो आहे यावर ठरते. प्लेटोच्या ‘क्रितो’ या संवादाची सुरुवात आठवा. सॉक्रेटिस तुरुंगात आहे, अजून उजाडायचे आहे, आणि मित्र क्रितो त्याच्या उशाशी येऊन बसला आहे. देलोसहून निघालेले जहाज अथेन्सला पोहोचले की सॉक्रेटिसला विष घ्यावे लागणार. सॉक्रेटिस म्हणतो की जहाज या एपिऊसा दिवशी येणार नाही, त्याच्या नंतरच्या दिवशी येईल. इथे एपिऊसा म्हणजे उद्या नव्हे; आत्ता उजाडू पाहणारा दिवस. मराठीत ‘उजाडता दिवस’ म्हटले की हीच छटा येते. दिदाखेच्या नियमाने ही प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणायची असेल, तर पहाटे म्हणणाऱ्याच्या तोंडी एपिऊसिओस भाकर आजची होते आणि रात्री म्हणणाऱ्याच्या तोंडी उद्याची. यहुदी दिवस तर सूर्यास्तालाच सुरू होतो. संध्याकाळी येऊ घातलेला दिवस दारातच उभा असतो.

दुसरे उत्तर भाषेबाहेरचे आहे आणि मला ते अधिक पटते. ही प्रार्थना प्रथम कोणी म्हटली? गालीलातल्या शेतमजुरांनी, कोळ्यांनी, ज्यांचे पोट हातावर होते अशा माणसांनी. मत्तयाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या मालकाचा दाखला आहे. तो पहाटे, मग नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी पाच वाजता बाजारात जातो, आणि प्रत्येक वेळी काम न मिळालेली माणसे तिथे उभीच असतात. मजुरी एक दीनार, ती सूर्य मावळताना द्यायची. गरीब मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी दिलीच पाहिजे, असे जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात (24:15) बजावले आहे. आपल्याकडे मजूर अड्ड्यावर सकाळी सात वाजता डबा घेऊन उभे राहणारे गवंडी आणि बिगारी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या दाखल्याचे स्पष्टीकरण लागत नाही. संध्याकाळी हातात पडलेल्या पैशातून जे पीठ येते, ते रात्रीच्या आणि उद्या सकाळच्या भाकरीचे. ते आज मिळाले नाही तर उद्या उपाशीपोटी अड्ड्यावर उभे राहावे लागते. ‘येत्या दिवसाची भाकर आज दे’ हे अशा माणसाच्या तोंडी साठेबाजीचे मागणे राहत नाही. आजची रात्र चिंतेशिवाय झोपता यावी एवढेच ते मागणे होते, आणि मग ‘उद्याची चिंता करू नका’ याच्याशी त्याचा झगडाही उरत नाही.

लूकनेही प्रार्थनेला लागूनच जो दाखला ठेवला आहे तो भाकरीचाच आहे: मध्यरात्री पाहुणा आला, घरात काही नाही, म्हणून एक माणूस शेजारच्या मित्राचे दार ठोठावतो आणि तीन भाकरी उसन्या मागतो. घरात दुसऱ्या दिवसाची भाकर नसणे म्हणजे काय, हे त्या प्रसंगात उघड दिसते. लूकच्या प्रार्थनेत ‘आज’ नाही, ‘दिवसागणिक’ अशा अर्थाचे शब्द आहेत, आणि क्रियापदही ‘दे’ऐवजी ‘देत राहा’ या छटेचे आहे. म्हणजे त्याच्याकडे मागणे एका रात्रीचे नसून आयुष्यभराचे झाले आहे.

याच ‘उद्या’ला काहींनी फार मोठा अर्थ दिला. विसाव्या शतकात योआखिम येरेमियास याने जेरोमच्या ‘माहार’चा आधार घेऊन म्हटले की हा ‘उद्या’ म्हणजे देवाचे राज्य येईल तो महान उद्या. त्या मेजवानीची भाकर आजच आम्हांला चाखू दे, असे हे मागणे आहे. आधीच्या ओळीत ‘तुझे राज्य येवो’ असल्यामुळे हा अर्थ खोटा म्हणता येत नाही. कॅथॉलिक परंपरेने पोटाची भाकर आणि उपासनेतली पवित्र भाकर असे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी ठेवले आहेत. मला एवढेच वाटते की मोठा अर्थ लहान अर्थाच्या खांद्यावर बसू शकतो, त्याला ढकलून देऊन नाही.

आता पुन्हा मराठीकडे. ‘आर्तोस’साठी ‘भाकर’ हा शब्द निवडणाऱ्यांचे कौतुकच केले पाहिजे. गालीलातल्या गरिबाची भाकर जवाची असे. योहानाच्या सहाव्या अध्यायातल्या मुलाजवळ जवाच्याच पाच भाकरी होत्या. ज्वारी-बाजरीची भाकर खाणाऱ्या महाराष्ट्रात ‘पोळी’ किंवा ‘पाव’ यांनी हा संबंध तुटला असता. शिवाय इब्री ‘लेहेम’ जसा भाकर आणि एकूण अन्न या दोन्ही अर्थांनी येतो, तसाच मराठीतला ‘भाकरीचा प्रश्न’ केवळ भाकरीचा नसतो.

‘रोजची’ या शब्दात मात्र भाषांतरकारांनी लॅटिनपासून चालत आलेली सोपी वाट धरली, असे म्हणावे लागते. संस्कृत व्याकरणात मुरलेल्या आणि पुढे इब्री व ग्रीक शिकून केडगावात बसून संपूर्ण बायबल मराठीत आणणाऱ्या पंडिता रमाबाईंसारख्या विदुषीला ‘अस्’ आणि ‘इ’ यांच्यातला हा वाद सहज कळला असता. पण प्रार्थना व्याकरणाने चालत नाही. ती पाठ असते. म्हणून उद्या कोणी मला विचारले तर मी ओळ तशीच ठेवीन आणि पानाखाली बारीक अक्षरांत एवढेच लिहीन: ‘किंवा, येत्या दिवसाची’.

आणि ‘रोज’ हा शब्दही वाटतो तितका निरुपयोगी नाही. तो फारसीतून आला. तिथे त्याचा अर्थ दिवस. मराठीत येऊन तो केवळ दिवस राहिला नाही. पेशवाईच्या कागदांत शिपायांच्या खर्चासाठी ‘रोजमुरा’ दिल्याच्या नोंदी येतात. दिवसाच्या कामाची मजुरी ती ‘रोजंदारी’, आणि खेड्यात आजही ‘रोज किती पडला?’ म्हणजे ‘आज मजुरी किती मिळाली?’ असा प्रश्न विचारतात. या कानाने ‘आमची रोजची भाकर’ ऐकली तर ती आपोआप संध्याकाळी हातात पडलेल्या मजुरीची भाकर होते, द्राक्षमळ्यातून दीनार घेऊन घरी निघालेल्या माणसाची.